दुपारी दोनची हेंड्रिक्सन

न्यू जर्सीतल्या एडिसनहून उत्तरेला निघालं की पहिला तासभर अमेरिका लागतच नाही. गोदामं, टोलनाके, गाड्यांच्या रांगा आणि रांगेतल्या दर तिसऱ्या गाडीत आपल्याकडचंच कुणीतरी. पुतण्या गाडी चालवत होता. तो संगणकाच्या कंपनीत आहे आणि बाकी सगळ्या बाबतींत सरळमार्गी. फक्त एप्रिल लागला की सुट्टीच्या दिवशी त्याला कॅटस्किलच्या डोंगरात गेल्याशिवाय चैन पडत नाही. सूनबाई म्हणाली, "काका, तुम्ही एकदा जाऊन बघाच, हा तिकडे नक्की करतो काय ते. इतकी वर्षं जातोय, घरी एक मासा आणलेला नाही." मी महाडचा. खाडीचे, नदीचे, ओढ्याचे मासे खाऊन वाढलेला. रिकाम्या हाताने परत येऊनही खूश असणारा मासेमार मलाही बघायचाच होता.

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. न्यू जर्सीत झाडं हिरवीगार झाली होती. रूट 17 वरून डोंगर चढायला लागलो तसा वसंत मागे मागे सरकत गेला. आधी पानं लहान झाली, मग पोपटी झाली, आणि पुढे नुसत्या तांबूस कळ्याच उरल्या. मॉन्टिसेलो आणि लिबर्टी ही गावं मागे पडली. एके काळी न्यूयॉर्कची ज्यू कुटुंबं उन्हाळा काढायला इथल्या मोठमोठ्या हॉटेलांत यायची. आता त्यातली बरीच ओस पडून ढासळली आहेत. त्यांच्यापलीकडे एका ओढ्याच्या काठाला पांढऱ्या फुलांनी डवरलेली झुडपं दिसली आणि पुतण्याने गाडीचा वेग एकदम कमी केला.

"शॅडबुश फुललंय, काका. म्हणजे हेंड्रिक्सन आली असणार."

शॅड हा आपल्या हिलशाचा जातभाई. समुद्रातून डेलावेअर नदीत तो अंडी घालायला चढतो, त्याच सुमारास हे झुडूप फुलतं. हेंड्रिक्सन मात्र मासा नव्हे. ती एक माशी आहे, जेमतेम बोटाच्या पेराच्या निम्मी. तिच्यासाठी माणसं दोन-अडीच तास गाडी हाकत येतात. मे महिना धरून ऑफिसात रजा टाकतात. मोटेलांच्या खोल्या तिच्या अंदाजाने भरतात.

पहिला मुक्काम लिव्हिंग्स्टन मॅनरला. विलोविमॉक नावाच्या नदीच्या काठी फ्लाय फिशिंगचं एक संग्रहालय आहे. एल्सी डार्बी या बाईंच्या पुढाकारातून 1981 मध्ये त्याची स्थापना झाली. एल्सी आणि तिचा नवरा हॅरी, तसंच वॉल्ट आणि विनी डेट, ही दोन जोडपी म्हणजे इथली घराणीच. संग्रहालयात त्यांनी बांधलेल्या माश्या काचेखाली मांडल्या आहेत. माशी म्हणजे गळाच्या आकड्यावर पिसं, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेला किडा. ट्राउट मासा त्याला खरा समजून तोंड घालतो. या मंडळींच्या शिक्षणाची गोष्ट ऐकून मला एकलव्य आठवला. 1920 च्या दशकात रूबेन क्रॉस हा इथला नावाजलेला कारागीर होता. वॉल्ट डेटने त्याला पन्नास डॉलर देऊ केले, म्हटलं शिकव. क्रॉसने साफ नाही म्हणून सांगितलं. मग वॉल्ट, विनी आणि हॅरी या तिघांनी क्रॉसच्याच माश्या विकत आणल्या आणि एकेक वेढा उलगडत, लिहून ठेवत, ती विद्या हस्तगत केली. अंगठा मात्र कुणी मागितला नाही. 1928 पासून डेट घराण्याचं दुकान चालू आहे, आणि पुढे त्यांच्या मुलीनेही आयुष्यभर माश्या बांधल्या.

एका टेबलाशी एक आजीबाई प्रात्यक्षिक दाखवत होत्या. चिमट्यात चौदा नंबरचा आकडा. (या धंद्यात नंबर जितका मोठा तितका आकडा लहान. वीस नंबरचा तर मला चष्मा लावूनही धड दिसला नाही.) त्यांनी बदकाच्या बगलेचं पट्ट्यापट्ट्यांचं पीस घेतलं, त्याचे दोन उभे पंख केले, आणि मग गुलाबीसर लोकर दोऱ्यावर वळून अंग बांधलं. ही लोकर कोल्हिणीच्या पोटाची. मूत्राने डागळून तिला जो रंग चढतो तोच हेंड्रिक्सनच्या अंगाचा, त्यामुळे स्वच्छ कातड्याला इथे मोल कमी. शेवटी कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस पंखांच्या बुडाशी गोल गुंडाळलं. त्याच्या तंतूंच्या टोकांवर माशी पाण्यावर उभी राहते. मी भारतातून आलो कळल्यावर त्यांनी खणातून एक जुनं कातडं काढलं. कोंबड्याची अख्खी मान, पिसांसकट. म्हणाल्या, "हे तुमच्याकडचं. आम्ही शिकलो ते सगळं इंडियन नेकवर. चांगल्या जातीचे कोंबडे इथे पाळायला लागले ते फार नंतर." आपल्याकडे रविवारी कोंबडा कापला की मान कुठे जाते याचा मी आजवर विचार केला नव्हता.

हे सगळं इथेच का रुजलं, याचं उत्तर कातड्यातच आहे. एकोणिसाव्या शतकात या डोंगरांत हेमलॉकचं दाट रान होतं. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर, म्हणून चामडं कमावण्याचे कारखाने ओढ्याओढ्याला निघाले आणि दक्षिण अमेरिकेतून आणलेली कातडी इथे कमावली जाऊ लागली. साल काढून घेतली की बरेचदा खोड तिथेच पडू द्यायचे. सावली गेली, पाणी तापलं, घाणीने नासलं आणि इथला मूळचा ब्रूक ट्राउट आटत गेला. त्याला गार आणि स्वच्छ पाणीच लागतं. 1883 मध्ये जर्मनीहून फॉन बेर नावाच्या जहागीरदाराने ब्राऊन ट्राउटची अंडी न्यूयॉर्कला पाठवली. थोड्याच वर्षांत त्याची पिल्लं या नद्यांत पोचली. हा पाहुणा थोडं उबदार पाणी सोसणारा आणि महासंशयी. जुन्या मत्स्यप्रेमींची त्याने पंचाईत केली. ओल्या, बुडणाऱ्या माश्यांना भुलणारा भाबडा मासा गेला, आणि त्याच्या जागी पाण्यावरचा किडा नीट पारखून घेणारा आला.

मग थिओडोर गॉर्डन नावाच्या, क्षयाने खंगलेल्या, एकट्या माणसाने इंग्लंडच्या फ्रेडरिक हॅलफर्डला पत्र लिहिलं. हॅलफर्डने 1890 मध्ये त्याला तरंगणाऱ्या माश्यांचे नमुने धाडले. ते हॅम्पशरच्या संथ, काचेसारख्या नद्यांसाठी केलेले. इथल्या खळखळत्या पाण्यात ते बुडायचे आणि इथल्या किड्यांशी जुळायचेही नाहीत. गॉर्डनने ते आपल्या पाण्याला, आपल्या किड्यांना साजेसे करून घेतले. 1915 मध्ये नेव्हरसिंक नदीकाठी तो गेला. त्याने ज्याला हाताला धरून शिकवलं तो रॉय स्टीनरॉड लिबर्टीच्या टपाल कचेरीतला. 1916 च्या सुमाराला स्टीनरॉडने बीव्हरकिलवर मेच्या दुपारी निघणाऱ्या एका किड्याची नक्कल बांधली आणि बरोबरच्या मित्राचं आडनाव तिला दिलं, हेंड्रिक्सन. गंमत अशी की पुढे खऱ्या किड्यालाही लोक हेंड्रिक्सनच म्हणायला लागले. नकलेवरून अस्सलाचं बारसं झालं.

रोस्को हे पुढचं गाव स्वतःला 'ट्राउट टाऊन' म्हणवतं. एकच लांब रस्ता, त्यावर मासेमारीच्या सामानाची दुकानं आणि एक डायनर. दुकानाबाहेर फळ्यावर खडूने तीन ओळी लिहिलेल्या: पाण्याची पातळी, पाण्याचं तापमान आणि आज कुठला किडा निघतोय. डायनरमध्ये छातीपर्यंतच्या रबरी विजारी घातलेली माणसं तशीच येऊन बसली होती. वाढणारी बाई सगळ्यांनाच 'हनी' म्हणत होती, मलाही म्हणाली. माझ्या वयाच्या माणसाला महाडात कुणी असं म्हटलं तर गावात चर्चा होईल. फ्रेंच टोस्ट इतके जाडे की एकात माझं भागलं. पण मी कान देऊन ऐकत होतो ते शेजारच्या टेबलांवरचं बोलणं. कुणीही कुणाला किती मिळाले, केवढा मिळाला, असं विचारत नव्हतं. "काय निघतंय?" हा पहिला प्रश्न. "काल किती वाजता?" हा दुसरा. आपल्याकडे गळ टाकून बसलेल्याला येणारा-जाणारा आधी डबा उघडून दाखवायला लावतो.

गावाबाहेर विलोविमॉक आणि बीव्हरकिल एकमेकींना मिळतात. संगमावरचा तो डोह म्हणजे जंक्शन पूल. 1 एप्रिलला हंगाम उघडतो तेव्हा बोचऱ्या थंडीत मानाचा पहिला गळ इथेच टाकतात. या डोहात दोन तोंडांचा एक ट्राउट राहतो अशी दंतकथा आहे. कुठल्या नदीत चढावं हे त्याच्या दोन डोक्यांचं ठरेना, म्हणून तो इथेच राहून गेला. आपल्याकडे संगम म्हटला की घाट, देऊळ, पिंडदान. इथे एक गाडीतळ, एक फलक आणि हा संभ्रमात पडलेला मासा. मला तो आवडला.

आमचा वाटाड्या सत्तरीपुढचा. हाताची बोटं जाड, पण त्या बोटांनी केसाएवढ्या तंगुसाची गाठ मारायला त्याला क्षणभर लागायचा. आधी त्याने काठी हातात घेतलीच नाही. गुडघाभर पाण्यात वाकून एक दगड उचलला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. दगडाची खालची बाजू जिवंत होती. चपट्या अंगाचे, दगडाला चिकटून सरपटणारे काही किडे. ते वेगवान पाण्यातले, म्हणून चपटे. दोन शेपट्यांचा एक दांडगा, तो स्टोनफ्लायचा. बारीक खडे रेशमाने चिकटवून केलेल्या नळ्या, आत एकेक अळी. त्यातून पुढे कॅडिस उडणार. आणि तीन शेपट्यांचा एक तपकिरी, जाडसर, आळसट वाटणारा. वाटाड्याने तो ओल्या बोटावर घेतला. पाठीवरची पंखांची पिशवी काळी पडली होती.

"हा आज निघेल. नाहीतर उद्या."

वर्षभर हा जीव दगडाखाली काढतो. मग पाणी दहा अंशांच्या आसपास गेलं की एका दुपारी वर तरंगत येतो, पृष्ठभागावर पाठ उकलते आणि त्यातून पंखवाली माशी बाहेर येते. ती काठच्या झाडावर जाऊन बसते आणि पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यानंतरही कात टाकणारा कीटकांत हा एवढाच गोतावळा. त्यानंतर तिला खायचं काम उरत नाही, तोंड निकामीच असतं. मिलन, अंडी आणि मरण, सगळं एक-दोन दिवसांत आटपतं. पण निघतात त्या हजारांनी, एकाच वेळी, रोज ठरावीक तासाला. यालाच इथे हॅच म्हणतात. एप्रिलच्या मध्यावर क्विल गॉर्डन, मग दुपारी दोन ते चारच्या दरम्यान हेंड्रिक्सन, मेच्या उत्तरार्धात मार्च ब्राऊन, महिना सरता सरता संध्याकाळी पिवळ्या सल्फर आणि सगळ्यांची महाराणी ग्रीन ड्रेक. उन्हाळा संपताना सकाळी सकाळी ट्रायको, डासाहून लहान. वाटाड्या बोटं मोडत सांगत होता आणि मला रोहिणी, मृग, आर्द्रा ऐकू येत होतं. आपल्याकडेही मृगाचा किडा असतो. लाल मखमली, पहिल्या पावसानंतर मातीत दिसणारा. पोरं तो काडेपेटीत ठेवतात आणि शेतकरी तो दिसला की निश्चिंत होतो. पण आपल्याला तो एकच पुरला. या लोकांनी अख्खं वर्ष किड्यांवर बसवलंय. वाटाड्याच्या गाडीत वह्या होत्या, कोपरे दुमडलेल्या. तारीख, पाण्याचं तापमान, कुठलं झाड फुललं, कुठला किडा, किती वाजता. मासे धरल्याची नोंद त्यात शोधावी लागत होती.

दोन वाजायला आले तसं नदीवर बोलणं थांबलं. आमच्या वरच्या अंगाला एक माणूस उभा होता. वाटाड्याने दुरूनच हात करून त्याला विचारलं, तू वर सरकणार की खाली? तो ज्या दिशेला सरकतोय त्याच्या पुढ्यात पाण्यात उतरणं म्हणजे इथे मोठा असभ्यपणा. पलीकडे महामार्गावरून ट्रक धडधडत होते, पण कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

आधी एक आली. मग चार. मग पाण्यावर जिकडेतिकडे राखाडी ठिपके वाहायला लागले. धुरकट पंख मिटून उभे धरलेले, मागे तीन शेपट्या. एक माझ्या बाहीवर बसली. नर होता. डोळे विटकरी लाल, डोक्याच्या मानाने अवाढव्य. पाय इतके नाजूक की शर्टाच्या विणीत अडकतील असं वाटलं. पंख वाळेपर्यंत बसला आणि उडून गेला. एव्हाना पाण्यावर वलयं उठायला लागली होती. काही ठिकाणी मासा फटकारा मारून वर यायचा, काही ठिकाणी फक्त एक बारीक गोल. वाटाड्याला त्या बारीक गोलांत रस. मोठे मासे आवाज करत नाहीत म्हणाला.

पुतण्या पाण्यात उभा राहिला. या प्रकारात गळाला वजन नसतंच, वजन असतं दोरीला. जाड, रंगीत दोरी मागे हवेत सरळ होऊ द्यायची, मग पुढे, आणि शेवटी तंगुसाच्या टोकाची माशी पाण्यावर अशी उतरायची की पाण्याला कळू नये. त्यानंतरचं अधिक कठीण. माशी प्रवाहाच्याच वेगाने वाहिली पाहिजे. दोरी जरा ताणली गेली की ती केसभर सरकते, आणि खरी माशी कधी अशी सरकत नाही हे माशाला ठाऊक असतं. पहिला मासा आला. माशीच्या खाली येऊन थांबला. तिच्याबरोबर हातभर मागे वाहत गेला. तोंड उघडलं नाही. खाली गेला.

वाटाड्याने पुढचं वलय बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, हा उभ्या माश्या खातच नाहीये. आजूबाजूने चार गेल्या, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. कातीतून अर्धवट निघालेली, पृष्ठभागात अडकलेली जी आहे ती तो उचलतोय. तिला पळता येत नाही. मग दुसरी माशी बांधली, मागे फाटक्या कातीसारखा एक तुकडा लोंबणारी. तिसऱ्या-चौथ्या फेकीला वलय उठलं आणि काठी वाकली.

ब्राऊन ट्राउट. फूटभर असेल. पोट लोण्याच्या रंगाचं, पाठीवर काळे ठिपके, कुशीवर लाल ठिपके आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. पुतण्याने हात ओले केले, मासा पाण्याबाहेर न काढताच आकडा सोडवला (आकड्याला उलटं टोक नव्हतं), त्याचं तोंड प्रवाहाकडे धरलं, आणि सोडला. आमच्याकडे याला दोन माणसांचं कालवण म्हणतात.

बीव्हरकिलच्या या टापूत 1965 पासून मासा मारायला बंदी आहे, पकडायला नाही. आपल्याकडेही मासा न मारण्याच्या जागा आहेत, पण तिथे देव बसवावा लागतो. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड म्हणून डोह आहे. काठी वरदायिनी देवीचं ठाणं. डोहातले मासे देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही, उलट खाऊ घालतात. तिथला मासा माणसाची सावली बघून वर येतो, इथला सावली पडताच नाहीसा होतो. मला विचाराल तर वाळण कोंडाचा हिशेब सरळ आहे: एकतर मासा देवीचा, नाहीतर ताटातला. तोंडाला आकडा टोचून, दमवून, मग प्रेमाने निरोप द्यायचा, यातलं पुण्य मला काही सापडलं नाही. वाटाड्याला तसं म्हणालो. तो रागावला नाही. "पुण्य नाहीच," म्हणाला. "पण खाल्ला असता तर या नदीवर इतकी वर्षं किडे बघायला कोण आलं असतं? आणि कारखाना काढायला निघाले तर भांडायला कोण उभं राहिलं असतं?" हे उत्तर मला पटलं, पण माशाला पटेल असं अजूनही वाटत नाही.

संध्याकाळी कालच्या माश्या परतल्या. आता पंख काचेसारखे, अंग तांबूस, माद्यांच्या टोकाला अंड्यांचा पिवळा गोळा. उथळ खळाळावर त्यांचा थवा वरखाली होत राहिला, मग अंडी टाकून त्या पंख पसरून पाण्यावर पडल्या. मासे आता घाईत नव्हते. जे वाहत येत होतं ते सावकाश टिपत होते. पुतण्याने त्यासाठी तिसरी माशी बांधली, पसरट पंखांची. रात्री मोटेलवर सूनबाईने दिलेल्या पुऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. वाटाड्याने चटणी चाखली, डोळे पुसले आणि पुन्हा मागितली.

दुसऱ्या दिवशी बीव्हरकिलच्या वरच्या अंगाला गेलो. 1865 चा, छप्पर असलेला लाकडी पूल तिथे आहे. त्याच्या खालचं पाणी सरकारी, त्याच्या पुढे मात्र मैलोगणती काठ जुन्या क्लबांच्या मालकीचा. 'प्रवेश बंद'च्या पाट्या झाडाझाडाला. इथे काठची जमीन ज्याची, नदीचा तळही बहुधा त्याचाच. त्यावर तोडगा म्हणून न्यूयॉर्क राज्याने 1935 पासून शेतकऱ्यांकडून काठाने चालण्याचा आणि मासे धरण्याचा हक्क विकत घ्यायला सुरुवात केली. जिथे हक्क घेतलाय तिथे पिवळी पाटी असते. अशा एका पिवळ्या पाटीमागून एक प्लंबर आणि एक सर्जन गप्पा मारत बाहेर पडताना बघितले. कोण कोण हे वाटाड्याने नंतर सांगितलं. कपड्यांवरून ओळखता येत नव्हतं. याच खोऱ्यात ली आणि जोन वुल्फ या जोडप्याने दोरी फेकायला शिकवण्याची शाळा काढली. जोनबाईंनी 1960 मध्ये 161 फूट दोरी फेकून दाखवली होती. काठावर शिकणाऱ्यांत बायका बऱ्याच दिसल्या, त्याचं श्रेय पुतण्या त्यांनाच देतो.

डोंगर ओलांडून डाउन्सव्हिलला उतरलो तेव्हा पेपॅक्टनचं धरण समोर आलं. निळंशार पाणी, काठाला कुंपण, चिटपाखरू नाही. हे पाणी न्यूयॉर्क शहराचं. डोंगरांच्या पोटातून बोगद्यांनी ते शहराला जातं. त्यातला डेलावेअर अॅक्वेडक्ट 137 किलोमीटरचा, जगातल्या सर्वांत लांब बोगद्यांपैकी एक. 1950 च्या दशकात या पाण्याखाली अरीना, पेपॅक्टन, शेव्हरटाऊन, युनियन ग्रोव्ह ही चार गावं गेली. घरं पाडली, थडगी उकरून दुसरीकडे नेली. गॉर्डन ज्या नेव्हरसिंकच्या काठाने हिंडला त्याचाही बराच भाग अशाच दुसऱ्या धरणात बुडाला आहे. मी कठड्याशी उभा राहिलो आणि मला मुळशी आठवलं. 1921 मध्ये तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण झालंच आणि वीज मुंबईला गेली. तानसा-वैतरणेचं पाणी मुंबई पिते, आणि त्या धरणांच्या आसपासच्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन चालतात. शहराची तहान सगळीकडे सारखीच.

पण इथे त्यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. धरणाच्या तळाचं पाणी गार असतं. ते खाली सोडलं की ऐन जुलैतही नदीत पाय बधिर होतात. कॅनन्सव्हिलचं दुसरं धरण 1964 मध्ये झालं, पाच गावं बुडवून. त्याच्या खालची डेलावेअरची वेस्ट ब्रँच उन्हाळ्यात ट्राउटला सोसणार नाही इतकी तापायची. आता ती ट्राउटची नामांकित नदी आहे. किडे उशिरा निघतात, पण निघत राहतात. म्हणजे इथला मासा जर्मन, इथली माशी बांधायची युक्ती इंग्लिश, पिसं एके काळी आपल्या कोंबड्यांची आणि गारवा शहराच्या धरणाचा. निसर्गात जातो म्हणून माणसं येतात ती इथे.

हँकॉकला ईस्ट आणि वेस्ट ब्रँच मिळून डेलावेअर होते. तिथल्या खानावळीत वाटाड्याची ओळखीच्या एकाशी जुंपली होती. वाद धरणातून किती पाणी सोडावं याचा. शहराला साठा हवा, खालच्या राज्यांना ठरलेला वाटा, 1954 च्या सुप्रीम कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे. किड्यांना आणि माशांना काय हवं हे त्या हुकुमात नव्हतं. ते मासेमारांनी पुढे भांडून, कागदावर आकडे मांडून मिळवलं आणि अजून भांडतातच. वह्यांमधल्या नोंदी अशा वेळी बाहेर येतात. मग मूड बदलायला म्हणून वाटाड्याने रेनबो ट्राउटची गोष्ट सांगितली. 1880 च्या दशकात म्हणे इथल्या रेल्वेमार्गावर माशांचे डबे नेणारी गाडी बंद पडली. डॅन कॅहिल नावाच्या ब्रेकमनने मासे मरू नयेत म्हणून डबे खांद्यावर मारून कॅलिकूनच्या ओढ्यात नेऊन ओतले. डेलावेअरमधले रेनबो त्यांचेच वंशज. खरं-खोटं डॅनला ठाऊक, पण त्या आडनावाची माशी सगळ्यांच्या पेटीत असते.

निघताना वाटाड्या म्हणाला, आणखी थोडं थांब. ग्रीन ड्रेक बघितल्याशिवाय जाऊ नकोस, आपल्या बोटाएवढी माशी असते.

मी म्हटलं, जूनच्या सुरुवातीला मला गावी असायला हवं. मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्याकडे वलगण लागते. पोटात अंडी घेऊन मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेतात चढतात. आम्ही रात्री बत्ती घेऊन निघतो.

"कुठल्या माशीवर धरता?"

माशी-बिशी काही नाही, म्हटलं. पाग, टोपली, जे हाताला येईल ते. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, म्हणजे अंडी घालायच्या आधीच? मी हो म्हटलं. तो काही बोलला नाही. वही काढून त्याने पहिल्या पावसाची साधारण तारीख विचारून लिहून घेतली आणि विचारलं, मागच्या वर्षीची आठवते का, आणि त्याच्या मागच्या?

मला आठवत नव्हती. पुतण्याने गाडी चालू केली. एडिसनला जाताना सुरमई घ्यायची आहे असा सूनबाईचा फोन येऊन गेला होता.